साक्षीला जायलाच हवं

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज मिळाला. समन्स आलंय, तर जायलाच हवं. सारखं टाळलंस तर उद्या वॉरंट घेऊन हवालदार दारात येईल आणि शेजारपाजाऱ्यांना वाटेल चोर तूच. पण तुझी खरी चिडचिड वेगळी आहे. तुम्हाला वाटेत लुटणारे ते दोघं जामिनावर बाहेर फिरतायत, मग कोर्टात जाऊन उपयोग काय, हेच ना? फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय.

जबरी चोरी अजामीनपात्र आहे, म्हणजे जामीन मिळतच नाही असं नाही. तो हक्क म्हणून मिळत नाही, कोर्टाकडे मागावा लागतो, एवढंच. उलट पोलिसांनी ६० दिवसांत दोषारोपपत्र दाखल केलं नसतं, तर त्या दोघांना तो हक्कानंच मिळाला असता. तुझे तपास अधिकारी वेळेत होते. तपास संपला, मुद्देमाल हाती आला, आता यांना आत ठेवून काय साधायचं, असा विचार करून मॅजिस्ट्रेटनं त्यांना सोडलं. निकाल काय लागेल याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. त्यांच्यापैकी कुणी तुझ्या घराभोवती घुटमळला, तर मात्र लगेच सरकारी वकिलांना सांग. जामीन रद्द होऊ शकतो.

"मिटवून टाकू का" असंही विचारलंयस. साधी चोरी मालकाला तडजोडीनं मिटवता येते. पण त्यांनी गाडी आडवी घालून तुमची वाट अडवली, धमकावलं आणि मग ऐवज काढून घेतला. तिथं चोरीची जबरी चोरी झाली, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०९ लागलं, आणि तुझ्या हातात काही राहिलं नाही. शिक्षा दहा वर्षांपर्यंत असल्यानं आरोपींनाही प्ली बार्गेनिंगची, म्हणजे गुन्हा कबूल करून शिक्षा कमी करून घेण्याची, वाट बंद आहे, कारण ती सोय सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांना. चाकूचा वापर झाला असता, तर ज्याच्या हातात चाकू त्याला किमान सात वर्षं आणि खटला सेशन्स कोर्टात. तुझा मॅजिस्ट्रेटपुढेच चालेल. गंमत बघ, गुन्ह्याला शिक्षा दहा वर्षांपर्यंत, पण प्रथमवर्ग मॅजिस्ट्रेटला तीन वर्षांहून जास्त कैद देता येत नाही. जास्त द्यावी असं वाटलं, तर कागद मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे. फार कमी वेळा पाठवले जातात.

आता मुद्द्याचं. मी एरवी आरोपींचा वकील म्हणून उभा राहतो हे तुला ठाऊक आहे. असल्या खटल्यात आरोपीचा वकील दोनच गोष्टींवर घाव घालतो: ओळख आणि मुद्देमाल. "तो चोर नाही" हे त्याला सिद्ध करावं लागतच नाही. तू ओळखण्यात चुकू शकतोस एवढं मॅजिस्ट्रेटच्या मनात रुजलं, की त्याचं काम झालं.

तुरुंगातली ओळख परेड आठवते ना? नायब तहसीलदार, भिंतीला लागून उभे केलेले सारख्या अंगलटीचे डमी, त्यांच्यात हे दोघं, आणि पोलिसांना बाहेर काढलेलं. ती सगळी मांडामांड कशासाठी होती, तर उलटतपासात "परेडच्या आधी पोलीस ठाण्यात तुम्हाला आरोपी दाखवले होते ना? मोबाइलवर फोटो पाठवला होता ना?" हे प्रश्न येणार म्हणून. तसं झालं नसेल तर ठणकावून "नाही" म्हण. आणि लक्षात ठेव, परेड हा नुसता आधार आहे. खरा पुरावा म्हणजे तू कोर्टात, सगळ्यांसमोर त्यांच्याकडे बोट दाखवून ओळखणं. म्हणून तुझ्यावाचून खटल्यात काही उरत नाही.

मग उजेडाचे प्रश्न. दिवा किती अंतरावर होता? तोंडाला रुमाल होता का? किती वेळ पाहिलंत? इथं शहाणपणा करू नकोस. जे दिसलं नाही ते दिसलं नाही म्हण. पोलीस जबाबात नसलेली गोष्ट कोर्टात रंगवून सांगितलीस, तर आम्ही तिला "ओमिशन" म्हणतो आणि एकेक करून नोंदवून घेतो. चार ओमिशन जमली की धडधडीत खरा माणूसही खोटा दिसायला लागतो. मी हे पोटासाठी करतो, म्हणून खात्रीनं सांगतोय.

मुद्देमालाचं उलट आहे. आरोपीनं पोलिसांपुढं दिलेली कबुली कोर्टात शून्य, पण तिच्यातल्या ज्या वाक्यामुळं वस्तू सापडली तेवढं वाक्य चालतं. त्यासाठीच आरोपीचं ते सांगणं पंचांसमोर लिहून घेतात, त्याला मेमोरंडम पंचनामा म्हणतात. पंच फितूर होतात, हा तर रोजचाच अनुभव. तरी गुन्ह्यानंतर थोड्याच दिवसांत ऐवज त्याच्याकडे सापडला आणि कुठून आला हे त्याला सांगता आलं नाही, तर तोच चोर किंवा चोरीचा माल ठेवणारा, असं कोर्ट गृहीत धरू शकतं. तुझ्या मोबाइलला आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा, क्रमांक आहे, तिथं वाद नाही. वहिनींच्या चेनचं तसं नाही. कोर्टात लाखेचं सील फोडून, पंचांच्या सह्यांचं लेबल बाजूला करून ती तुमच्यासमोर धरतील आणि विचारतील, "अशा चेन बाजारात पुष्कळ मिळतात ना?" तेव्हा हुकाजवळ डाग देऊन सांधलेलं आहे, हे वहिनींनी न अडखळता सांगायला हवं. बिल असलं तर शोध. लग्नसमारंभातला एखादा फोटोही चालेल.

ती चेन निकालापर्यंत मुद्देमाल खोलीत पडू द्यायची गरज नाही, हे तुला कुणीच कसं सांगितलं नाही? २००२ मध्ये सुंदरभाई देसाई प्रकरणात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय की पंचनामा करून, फोटो काढून, बंधपत्र घेऊन असा ऐवज मालकाला परत द्यावा. सुपुर्दनाम्यावर, म्हणजे सांभाळून ठेवीन असं लिहून दिलंस की, मिळेल. अर्ज मी लिहून देतो. फक्त ती मोडायची किंवा वितळवायची नाही. कोर्टानं मागितली की हजर करायची.

किती तारखा लागतील ते विचारू नकोस. सीएनआर, म्हणजे तुझ्या खटल्याचा ओळख क्रमांक, ई-कोर्ट्स ॲपमध्ये टाकून आदल्या रात्री तारीख तपासत जा. तरी एखाद्या दिवशी साहेब रजेवर असतील, एखाद्या दिवशी आरोपीच येणार नाही. तू आलास याची नोंद मात्र रोजनाम्यात, म्हणजे त्या दिवशी खटल्यात काय झालं त्याच्या टिपणात, होऊ दे.

जाताना ओळखपत्र आणि समन्स बरोबर ठेव. कोर्ट बसण्याआधी सरकारी वकिलांना भेट आणि तुझी फिर्याद एकदा वाचायला माग. तुझी साक्ष चालू असताना वहिनींना बाहेर बसायला सांगतील, कारण त्याही साक्षीदार आहेत. तेव्हा पट्टेवाल्याशी भांडू नकोस. चेनचा फोटो आणि पंचनाम्याची प्रत मला पाठव, म्हणजे अर्ज रविवारी तयार करून ठेवतो.

तुझाच,
वकीलसाहेब (तूच ठेवलेलं नाव)