बाबा, हे पत्र तुम्हीच ऐका

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न. वि. वि.

हाताने लिहिणार होते, पण मग आईला वाचून दाखवावं लागलं असतं. टाइप करून पाठवलं की बाबा, तुम्हाला फोनवर स्वतःच ऐकता येईल. आवाजाचा वेग थोडा कमी करून घ्या.

आधी बातमी. मी राजीनामा दिलाय, शुक्रवारीच. फोनवर सांगायचा धीर झाला नाही, त्यासाठी रागवा हवं तर. दुसरी नोकरी हातात आहे, १ तारखेला रुजू होतेय. पगार एक तृतीयांशाने कमी होईल. पण घराचा हप्ता त्यात बसतो, तुमचा मेडिक्लेम मी वेगळा काढलेलाच आहे, पीएफला हात लावलेला नाही. सगळा हिशेब दादालाही दाखवलाय. डबा तोच चालू आहे, सकाळी पोहे-उपमा मीच करते. आई, काळजी करू नकोस.

दिवाळीत बाबा विजेचं बिल भरत होते, आमच्याच कंपनीच्या ॲपवरून. मी शेजारी. टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारी फोनमधली सोय, चालू. तुम्ही बोट सरकवत होतात आणि फोन म्हणत होता, ‘बटन. बटन. बटन.’ कुठलं कशाचं, काही कळेना. तिसऱ्यांदा मागे आलात तोवर वेळ संपली आणि सगळं पहिल्यापासून आलं. तुम्ही काही बोलला नाहीत, चष्मा काढून पुसत बसलात.

ते बटण मी केलंय, बाबा. त्याला नाव द्यायला कोडची एक ओळ पुरते. ‘पुढच्या रिलीजला बघू’ म्हणत ती दोन वर्षं राहून गेली, आणि तसं म्हणणाऱ्यांत मीही होते. मी फोन घ्यायला हात पुढे केला तर तुम्ही म्हणालात, "भरून देऊ नकोस, मला भरता येईल असं कर."

त्या रात्री झोप लागली नाही. आंबा आठवत होता. मी आणि दादा भांडायला लागलो की तुम्ही सुरी आमच्या हातात द्यायचात: जो कापेल तो शेवटी उचलेल. किती जपून कापायचो आम्ही! पुढे बारावीत तत्त्वज्ञ रॉल्सचा ‘अज्ञानाचा पडदा’ समजावलात तोही याच आंब्यावरून. आपण धडधाकट की अंध, श्रीमंत की गरीब, हे ठाऊक नसताना नियम ठरवा. बाबा, कोड म्हणजेही नियमच की. ‘दोन मिनिटांत फॉर्म भरला नाही तर बाहेर’ हा नियम लिहिताना मी पडद्याआड गेलेच नव्हते. वापरणारा माझ्याच वयाचा, नीट दिसणारा, नवा फोन असलेला धरला होता. नुसत्या मायेने त्या दिवशी तुमचं एक बिल भरलं गेलं असतं, बटण मुकंच राहिलं असतं.

नव्या ठिकाणी हेच काम आहे: मराठी फॉर्म आणि ॲप न बघता वापरता येतील असे करायचे. टीममधले दोघे अंध आहेत, एनव्हीडीए हा संगणकाचा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, म्हणजे स्क्रीन रीडर, लावून कोड लिहितात. तो स्क्रीन रीडर २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणानेच सुरू केला, आणि तो मोफत मिळतो. या दोघांच्या शेजारी बसून मला शिकायचंय.

तुमच्या डोळ्यांपायी माझं नुकसान झालं असं चुकूनही मनात आणू नका. मला खरंच हे काम आवडतंय. तुमच्या मांडीवर बसून प्रश्न विचारायचे ना, तसं वाटतंय पुन्हा.

आता ऐका. काचबिंदूचे थेंब चुकवायचे नाहीत, बरं वाटलं तरीही. दोन औषधांत पाच मिनिटं जाऊ द्यायची. कडेचं दिसत नाही, तेव्हा घाटाच्या पायऱ्या एकट्याने उतरायच्या नाहीत. आई, तू गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवू नकोस, लाव.

आणि बाबा, जायच्या आधी ती ओळ मी टाकलीय, वेळही वाढवून घेतलाय. अपडेट आलं की पुढचं बिल तुम्हीच भरा. कुठे अडलात ते मला त्याच दिवशी सांगा.

तुमची,
छकुली