खांदा आखडलाय, पण फिजिओ भेटायचा कधी?

संपादक महोदय,
गेल्या चतुर्थीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळं-भाज्यांची चौकट, बांधायला हात वर केला तर तो कानापर्यंतसुद्धा जाईना, तेव्हा कुठे कळलं की हा फ्रोझन शोल्डर. त्याआधी दोन महिने नुसतं तेल चोळत बसलेलो, एका मालिशवाल्याने तर हात असा हिसकला की रात्रभर झोप नाही. मला डायबेटिस आहे आणि अशांना हा त्रास जास्त होतो, हे मला ५२व्या वर्षी समजलं! सांध्याभोवतीचं आवरण जाड होऊन आकसतं, म्हणून दुसऱ्याने धरून उचलला तरी हात वर जात नाही. फिजिओने शिकवलं ते साधंच, आधी गरम शेक, मग वाकून हात लंबकासारखा झुलवायचा, भिंतीवर बोटांनी हळूहळू वर चढायचं. पहिल्या दिवशी भिंतीवर पेन्सिलीने खूण केली, तीन महिन्यांत ती वीतभर वर सरकली, तरी शर्टाची बाही चढवताना तोंड वाकडं होतंच. पूर्ण सुटायला एक ते तीन वर्षं लागू शकतात. आणि आमच्या भागातल्या सरकारी केंद्रात फिजिओ आठवड्यातून एकदाच, बसने जाऊन नंबर लागेपर्यंत दुपार होते. निदान तीन दिवस तरी बसवा की!

एक वाचक, उत्तर गोवा