चाचणीला पाठवायचं, पण बघणार कोण?

महोदय,

माझा सोळा वर्षांचा पुतण्या बेसबॉल खेळतो, पिचर, म्हणजे फलंदाजाकडं चेंडू फेकणारा, आहे. पुण्यातल्या 'एलिट' निवड चाचणीचा मेसेज आला आणि घरात दोन तट पडले. शुल्क नऊ हजार, राहणं-जेवण वेगळं. बघायला कोण येणार, असं फोनवर विचारलं तर 'मोठमोठे स्काउट' (म्हणजे खेळाडू हेरणारे) एवढंच उत्तर. नावं सांगायला काय जातं?

पैशापेक्षा मला काळजी कोपराची. गेल्या स्पर्धेपासून पोराला शर्टाची वरची बटणं लावताना हात धरतो. मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगच्या सूचनांनुसार या वयात दिवसाला जास्तीत जास्त 95 चेंडू, आणि 76 गाठले की 4 दिवस विश्रांती. चाचणीत मात्र चेंडूचा वेग मोजणाऱ्या स्पीड गनपुढं पोरं जीव तोडून फेकतात.

दादा रिंकू सिंहचं (क्रिकेटवाला नव्हे, बेसबॉलचा पिचर) उदाहरण देतो. 2008 मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीगमधल्या संघानं त्याला करारबद्ध केलं, खरंय. पण मेजर लीग त्याला गाठता आली नाही, शेवटी तो टीव्हीवरच्या कुस्तीत गेला. कुस्तीच करायची तर सांगलीत तालमी काय कमी आहेत?

हात बरा होईपर्यंत मी पाठवणार नाही. आयोजकांनी निवडकर्त्यांची नावं आणि चेंडूंची मर्यादा जाहिरातीतच छापावी.

– एक चुलता, वखारभाग, सांगली