शनिवारची माता बैठक आणि मुलांच्या भाज्या

गटातल्या सगळ्या ताईंना कळवण्यात येते की शनिवारी सकाळी ११ वाजता अंगणवाडीत माता बैठक आहे. मुलांची वजन-उंचीही तेव्हाच घेऊ. येताना घरच्या भाजीचा छोटा डबा आणायचा आहे, पण बिनमिरचीचा. आपल्या खान्देशी हाताला ते जड जाईल, ठाऊक आहे! भरीत करताना वांगं भाजून, सोलून, ठेचलं की मुलाचा वाटा आधी बाजूला काढायचा, मग मिरची-लसूण घालायचा. गिलकं किसून वरणात शिजवलं तरी चालेल.

मेथी भाकरीच्या पिठात जरूर मळा, पण भाजी ताटात दिसूही द्या. कायम लपवून दिली तर मुलाला तिची चव ओळखीची होणार कशी? नवी भाजी मूल आठ-दहा वेळाही थुंकतं. तेव्हा घासभरच वाढा, मोबाइल दाखवून कोंबू नका. जेवणाआधी दूध-बिस्किट नको. कच्च्या गाजराचे तुकडे घशात अडकतात, वाफवून मऊ करूनच द्या.

आज्यांनाही आणा, बिस्किटांचा डबा बहुतेक घरी त्यांच्याच ताब्यात असतो. बाळाचं वजन दोन-तीन महिने वाढलं नसेल तर बैठकीची वाट न पाहता आरोग्य केंद्रात दाखवा.