वर्गाचा ग्रुप अभ्यासासाठी लावायचा असेल तर

मा. संपादक,
स. न.

जून उजाडला की खानदेशात शाळाशाळांतून वर्गाचे व्हॉट्सॲप ग्रुप सुरू होतात. आठवडाभरात त्यात सुप्रभातची फुलं, वाढदिवसाचे केक आणि पन्नास-पन्नास पानी पीडीएफ साचतात. मग पालक ग्रुप म्यूट करतात, आणि शिक्षक म्हणतात, मोबाइलवर शिकवणं आपल्याकडे चालत नाही. ते चालतं, पण आधी घरातला मोबाइल कोणाच्या खिशात असतो ते बघावं लागतं.

तो बहुतेक घरांत बापाच्या खिशात असतो आणि दिवसभर शेतात असतो. कापूस वेचणीच्या दिवसांत तर घरी कुणीच नसतं. म्हणून दुपारी बाराला अभ्यास टाकून पाचला 'कोणी पाठवला नाही' असं लिहिण्यात अर्थ नाही. दिवसाला एकच अभ्यास, संध्याकाळी सातच्या सुमारास. उत्तराला दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत मुदत.

दुसरा प्रश्न डेटाचा. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-मोलगीकडच्या पाड्यांवर रेंज मुळात तुटक. एक मिनिटाचा व्हिडिओ सहज पाच-दहा एमबी होतो. एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज पाव एमबीच्याही आत बसतो. फळ्याचा व्हिडिओ लहान स्क्रीनवर वाचताही येत नाही. त्यापेक्षा फळ्याचा एक स्वच्छ फोटो आणि सोबत दीड मिनिटाचा आवाज पाठवावा: आधी पुस्तकाचं पान, मग एक सोडवलेलं उदाहरण, शेवटी एकच प्रश्न. विज्ञानाचा प्रयोग दाखवायचाच असेल तर शाळेत दाखवावा; बालभारतीच्या पुस्तकांतला क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा या सरकारी ॲपवरचं साहित्य आधी उतरवून ठेवता येतं.

आवाजाचा आणखी एक मोठा फायदा आहे. वाचता न येणाऱ्या आईलाही तो कळतो, आणि तिच्या बोलीत असेल तर फारच चांगला कळतो. 'आज पोऱ्यानी काय लिखं ते दखा' एवढं एक वाक्य अहिराणीत बोललं, तर वही उघडून बघितली जाते. सातपुड्याच्या पट्ट्यात तेच पावरीत किंवा भिलीत बोलावं. शिक्षकाला बोली येत नसेल तर वरच्या वर्गातल्या मुलाकडून बोलून घ्यावं. छापील मराठीतली सूचना मात्र अशा घरी नुसती पडून राहते.

ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. वरच्या वर्गांत मुलींचे स्वतःचे नंबर असतात, तिथे हे धोक्याचं आहे. त्यावर ब्रॉडकास्ट लिस्ट हा साधा उपाय आहे. एका यादीत 256 जण बसतात, कुणाचा नंबर कुणाला दिसत नाही, उत्तर थेट शिक्षकाकडे येतं. अडचण एकच: ज्या पालकाने शिक्षकाचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्याला मेसेज पोचतच नाही. म्हणून पालकसभेत समोर बसवूनच प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये नंबर सेव्ह करून घ्यावा आणि तिथल्या तिथे एक मेसेज पाठवून तपासावा. ग्रुप ठेवायचाच असेल तर तो सूचनांपुरता ठेवावा, आणि ग्रुपच्या परवानग्यांत मेसेज पाठवण्याची मुभा फक्त ॲडमिनला ठेवावी.

पोल घेऊन परीक्षा घेऊ नये. कोणी काय निवडलं ते सगळ्यांना दिसतं. हुशार मुलाने बोट ठेवलं की बाकीचे त्याच्यामागे जातात. उत्तर वहीतच लिहून फोटो मागवावा. पेन्सिलचं अक्षर फोटोत फिकट येतं, म्हणून पेनने लिहायला सांगावं. फोटो दिवसाउजेडी, दाराशी काढावा. मोबाइल वहीच्या बरोबर वर धरावा आणि हाताची सावली पानावर पडू देऊ नये. रोज पंचेचाळीस वह्या मोबाइलवर तपासणं कोणालाच जमत नाही. दहा-बारा मुलांची पाळी लावावी, त्यांना नीट उत्तर द्यावं. आणि सगळ्यांत जी चूक जास्त दिसली ती नाव न घेता दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर सोडवावी. हे शेवटचं काम राहिलं, तर फोटोंचे नुसते ढीग होतात.

शिक्षण खात्याला एक कळकळीची विनंती. उपक्रम झाल्याचा पुरावा म्हणून मुलांचे चेहरे दिसणारे फोटो या ग्रुपवरून त्या ग्रुपवर मागवणं थांबवावं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचं प्रत्येक मूल बालक धरलं आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. वहीच्या पानाचा फोटो पुरावा म्हणून पुरेसा आहे.

दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे जाणाऱ्या कुटुंबांची नावं यादीतून काढू नयेत. तिकडे गेल्यावर रिचार्ज संपतो, सिम बदलतं, म्हणून निघण्याआधी मुकादमाचा आणि सोबतच्या एका नातेवाइकाचा नंबर लिहून घ्यावा. त्या मुलांना रोजचा अभ्यास नको. आठवड्याला दोन व्हॉइस मेसेज आणि सोबत नेलेल्या पुस्तकातली दोन पानं, एवढं त्यांच्याकडून नक्की होतं.

आपले,
शिरपूर तालुक्यातील काही शिक्षक, जि. धुळे