गच्चीवरच्या एका वायरीला एवढा विरोध का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो आणि सरकारचं रीतसर लायसन्स असलेला हॅम रेडिओ ऑपरेटर आहे. गच्चीवर अँटेना लावायला आमच्या सोसायटीच्या कमिटीने मला लेखी नकार दिलाय, कारण एका ओळीचं, "सभासदांची हरकत व इमारतीचे सौंदर्य". माझ्या ओळखीतल्या ठाणे-नवी मुंबईच्या बऱ्याच लायसन्सवाल्यांची हीच गत आहे. कोणी बाल्कनीतल्या कपड्यांच्या दोरीला वायर गुंडाळून काम भागवतंय, कोणी सेट पॅक करून माळ्यावर टाकलाय, म्हणून म्हटलं आता पेपरात लिहावंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हॅम रेडिओ म्हणजे हौसेने स्वतःच्या रेडिओ सेटवरून दूरच्या लोकांशी बोलणं, आणि असं बोलणारा तो हॅम. हा चोरून चालवलेला वायरलेस नाही. केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते, पोलीस व्हेरिफिकेशन होतं, मग व्हीयू अक्षरांनी सुरू होणारा कॉल साइन मिळतो आणि हवेत प्रत्येक वेळी तो सांगूनच बोलायचं असतं. आणि लायसन्सवर स्टेशनचा पत्ता छापलेला असतो. माझ्या लायसन्सवर ह्याच सोसायटीचं नाव आणि ह्याच फ्लॅटचा नंबर आहे. म्हणजे सरकारने ज्या पत्त्यावरून बोलायची परवानगी दिली तिथेच अँटेना लावता येत नाही, आणि अँटेनाशिवाय सेट म्हणजे नुसता डबा.

बरं मी मागितलं काय होतं? टॉवर नाही. २० मीटरच्या आसपास तांब्याची बारीक वायर, मध्ये पीव्हीसी पाइपवर उचललेली, दोन्ही टोकं नायलॉनच्या दोरीने कठड्याला बांधलेली, ही झाली ४० मीटर बँडची, म्हणजे ४० मीटरच्या आसपास लांबीच्या रेडिओ लहरींची, वायर साधारण त्याच्या निम्मी लागते. दुसरी जवळच्या बोलण्यासाठी दोन मीटर बँडची, अर्ध्या-एक मीटरची उभी काठी. आपल्याकडे गच्चीचं वॉटरप्रूफिंग किती नाजूक विषय असतो ते मला कळतं, म्हणून एकही भोक पाडणार नाही असं अर्जातच लिहिलं होतं, पाइप सिमेंट भरलेल्या रंगाच्या डब्यात उभा राहणार आणि केबल डक्टमधून खाली येणार. खालून मान वर करून बघितलं तरी ती वायर दिसणार नाही, मग सौंदर्य बिघडतं ते नक्की कुठून बघितल्यावर?

"घरातूनच लाव ना" हे पण बऱ्याच जणांनी सुचवलं. आमच्या बिल्डिंगच्या स्लॅबमध्ये सळ्या, खिडक्यांना लोखंडी ग्रिल, एका बाजूला येऊरचा डोंगर आडवा. दोन मीटरचा सिग्नल जवळपास सरळ रेषेत जातो, त्यामुळे खालच्या मजल्यावरून बोरिवलीचा माणूसही मिळत नाही. ४० मीटरचं वेगळं, तो सिग्नल वर आयनोस्फिअरला, म्हणजे वातावरणातल्या उंचावरच्या विद्युतभारित थराला, आपटून खाली येतो आणि मधला सह्याद्री ओलांडून पुणे, सातारा, कोल्हापूर आणि खाली कोकणात रत्नागिरी असा पोचतो, मध्ये ना टॉवर लागतो ना इंटरनेट, फक्त वायर मोकळ्या आकाशाखाली पाहिजे.

आता हरकतींबद्दल. रेडिएशनची भीती मी समजू शकतो, पण आपल्या भागातल्या किती सोसायट्यांनी भाडं घेऊन गच्चीवर मोबाइल टॉवर बसवून घेतलेत ते बघा. ते चोवीस तास चालू असतात, माझा सेट मी बटण दाबून बोलतो तेवढाच वेळ सिग्नल सोडतो. माझा टॉवरलाही विरोध नाही, तोही नियमात बसूनच चालतो. फक्त दोघांना एकच माप लावा. वीज पडेल ही हरकत मात्र अगदी रास्त आहे. अर्थिंग नीट पाहिजे, वीज जमिनीत वळवणारा लाइटनिंग अरेस्टर पाहिजे आणि ढग गडगडायला लागले की केबल सेटपासून काढून ठेवायची, हे प्रत्येक हॅम पाळतो, कमिटीने ह्याची लेखी अट घालावी, मी सही करतो. कोणाच्या टीव्हीत किंवा स्पीकरमध्ये खरखर आली तर ती दूर होईपर्यंत मी बोलणं बंद ठेवेन, हेही अर्जात होतं. "आज तुला दिलं की उद्या सगळे मागतील" ह्यावर काय बोलणार, परीक्षा पास होऊन दहा जणांनी मागितलं तर मला आनंदच होईल.

पण माझा खरा मुद्दा पुढे आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री फोन लागत नव्हते आणि घरचा माणूस कुठे अडकलाय हे कितीतरी घरांना सकाळपर्यंत कळलं नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्यात गेलं, वीज गेली, मोबाइल गेले, त्याच दिवशी महाडजवळ तळिये गावावर दरड कोसळली आणि तिथली बातमी बाहेर यायला वेळ लागला. आता ह्याच्याशेजारी डिसेंबर २००४ ठेवा. भारती प्रसाद आणि त्यांची हॅम टीम अंदमानला पोर्ट ब्लेअरमध्ये हौसेने स्टेशन लावून जगभर बोलत होती. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन बंद पडले, आणि ह्याच टीमने हौस बाजूला ठेवून बेटांवरून निरोप मुख्य भूमीला पोचवायला सुरुवात केली. हे जमलं कारण त्यांची अँटेना आधीपासून उभी होती. पूर आल्यावर, लाइट गेल्यावर, भर पावसात ओल्या गच्चीवर चढून कोणी वायर बांधू शकत नाही, आणि रोज वापर नसेल तर आयत्या वेळी सेट चालेल ह्याचीही खात्री नाही.

अमेरिकेत हा वाद फार जुना आहे. तिथल्या एफसीसीने, म्हणजे दूरसंचाराचं नियमन करणाऱ्या सरकारी संस्थेने, १९८५ मध्ये शहरांना आणि काउंट्यांना (तिथल्या जिल्ह्यांना) बजावलं की हॅमच्या अँटेनाला वाजवी जागा द्यावी लागेल, पण घरमालकांच्या असोसिएशनचे (आपल्या सोसायटीसारख्या) खाजगी करार त्यातून सुटले. १९९६ मध्ये टीव्हीच्या डिशसाठी नियम आला, स्वतःच्या ताब्यातल्या जागेत एक मीटरपर्यंतची डिश असोसिएशनला अडवता येत नाही, हॅम मात्र त्यातही नाहीत. २०१६ मध्ये असोसिएशनमधल्या हॅमना अँटेनाची मुभा देणारं एक बिल तिथल्या खालच्या सभागृहात पास झालं आणि सिनेटमध्ये अडकलं. त्यामुळे आजही तिथे लोक झेंड्याच्या खांबात नाहीतर माळ्यावर अँटेना लपवतात, आणि २०१७ मध्ये मारिया वादळाने पोर्तो रिको ह्या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटाचे फोन झोपवले तेव्हा रेड क्रॉसने हॅम ऑपरेटरच मागवले. आपण हीच वाट धरायची गरज नाही.

कमिटीने लेटरहेडवर नकार देऊन विषय संपवू नये, सर्वसाधारण सभेत ठेवावा, लायसन्सची प्रत घ्यावी, अर्थिंग आणि वजनाच्या अटी घालाव्या, सहा महिने ट्रायल द्यावी आणि त्रास झाला तर सभासदाच्या खर्चाने काढायला लावावी. गच्ची सगळ्यांची आहे हे मला मान्य आहे, पण सगळ्यांत मीही येतो. सहकार खात्याने आदर्श उपविधींमध्ये लायसन्सधारक हॅमसाठी एक स्पष्ट कलम घालावं, नकार द्यायचा तर तांत्रिक कारण लेखी द्यावं लागेल आणि त्यावर उपनिबंधकांकडे दाद मागता येईल असं. आणि महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाने प्रत्येक प्रभागात कोण हॅम आहे, कोणाचं स्टेशन बॅटरीवर चालतं ह्याची यादी पावसाळ्याआधी करावी.

मुलांचंही सांगतो. जुलै २०२५ मध्ये आपले अंतराळवीर शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून हॅम रेडिओवर आपल्या विद्यार्थ्यांशी बोलले. ते स्थानक ठाण्यावरूनही जातं, आणि तिथून कोणी हॅमवर बोलत असेल तर साध्या उभ्या अँटेनावर आवाज ऐकू येतो. आमच्या बिल्डिंगमधली मुलं मला विचारतात, काका आम्हाला कधी ऐकवणार, गच्चीची परवानगी मिळाली तर लगेच ऐकवीन.

आमची एजीएम ३० सप्टेंबरच्या आत होईल, तिथे मी पुन्हा अर्ज ठेवणार आहे. ज्या सोसायट्यांनी अशी परवानगी दिली असेल त्यांनी ठरावाची भाषा आणि अटी ह्याच सदरात कळवाव्यात ही विनंती, म्हणजे आमच्यासारख्यांना सभेसमोर ठेवायला तयार मसुदा मिळेल.

आपला एक वाचक,
घोडबंदर रोड, ठाणे (प.)