रजा सहा दिवसांची टाक

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

हिमाचलातल्या ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या ट्रेकचं नक्की झालं असेल, तर रजा एक दिवस जास्त टाक. गुशैणी गावातून निघून रोला, शिल्ट, रखुंडीचा माथा आणि परत हे पाच दिवसांत बसतं. तू सहा धर. पाऊस, डोकेदुखी, फुगलेला नाला, यांपैकी काहीतरी तो सहावा दिवस मागून घेतंच. तो हाताशी नसला की माणूस परतीच्या बसच्या घड्याळावर चालायला लागतो, आणि घोटे तेव्हाच मुरगळतात.

मनालीच्या बसने जा, पण उतरायचं औटला, बोगद्याच्या आधी. कंडक्टरला सांगून ठेव, नाहीतर पहाटे डोळा लागलेला असताना बस पार निघून जाईल. तिथून बंजार, पुढे गुशैणी. वाटेत साई रोपाला वनखात्याचं केंद्र आहे. परवान्यासाठी ओळखपत्राच्या झेरॉक्स ठेव. वाटाड्या स्थानिकच घे आणि मजुरीत घासाघीस करू नकोस. 1999 साली या लोकांचे उद्यानातले चराईचे आणि औषधी मुळ्या काढायचे हक्क गेले. आता हेच काम बऱ्याच घरांना आधार आहे.

सह्याद्रीतली सवय इथे नडते. कळसूबाई 1646 मीटर. इथला पहिला मुक्काम रोलाच 2100 च्या आसपास, आणि शिल्ट 3100. रोला ते शिल्ट हा हजार मीटरचा चढ एका दमात मारायचा नाही. पाणी 3 लिटर खालूनच भरून घे. शिल्टला डोकं दुखलं आणि जेवणही जाईना, तर रखुंडी त्या दिवशी रद्द. दुखणं वाढलं, किंवा टाच-चवडा जोडून सरळ रेषेत दहा पावलं टाकताना तोल गेला, तर अंधार असला तरी वाटाड्याला घेऊन खाली उतर. गोळी खाऊन वर जाणं हा मूर्खपणा. बरी असशील तर रखुंडी करून झोपायला शिल्टलाच परत ये.

स्वयंपाकाचं नीट ऐक. शिल्टला पाणी साधारण 90 अंशांनाच उकळतं. जंतू मरायला तेवढं पुरतं, पण तूरडाळ उघड्या भांड्यात शिजत नाही. तासभर गॅस जळतो आणि डाळ दाताखाली कच्चीच लागते. मुगाची डाळ, पोहे आणि आईचं मेतकूट ने. गॅसचं डबडं विमानात चालत नाही, तिकडेच घ्यावं लागेल. त्यात नुसता ब्युटेन असेल तर शून्याच्या आसपास ज्योत मरते, म्हणून आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण माग, आणि रात्री डबडं स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी ठेव.

नाले सकाळीच ओलांड; दुपारी वरचं बर्फ वितळून पाणी वाढतं. पाण्यात उतरण्याआधी सॅकचा कमरेचा पट्टा सोड. पाय घसरलाच, तर सॅक अंगावेगळी करता आली पाहिजे.

बूट नवे नकोत. मोज्यांचा एक जोड फक्त झोपण्यासाठी, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला. तो दिवसा कितीही मोह झाला तरी पिशवीतून बाहेर काढू नकोस.

गुशैणीनंतर फोनचा भरवसा धरू नकोस. म्हणून आईला सहाव्या रात्रीचा फोन सांगून ठेव, पाचव्या नव्हे.

तुझे,
बाबा